रात्रीची वेणीफणी

क्योतो शहराच्या गिओन वस्तीत गेइशा होण्यासाठी शिकणाऱ्या मुलीला माइको म्हणतात. शाळा संपवून पंधरा-सोळाव्या वर्षी ती तिथे येते, आणि नाच-गाण्याबरोबर तिला आणखी एक गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे झोपणं. तिच्या अंथरुणावर ताकामाकुरा नावाची उंच उशी असते. खाली लाकडाची लहानशी बैठक आणि तिच्यावर आडवी बसवलेली, गच्च भरलेली गुंडाळी. ही गुंडाळी मानेखाली घ्यायची, डोकं अधांतरी ठेवायचं आणि कूस बदलायची तीही केस कुठे टेकू न देता.

एवढा खटाटोप केसांसाठी. पूर्ण गेइशा झालेल्या स्त्रिया टोप वापरतात, माइकोचे केस मात्र तिचे स्वतःचे असतात. कपाळावरचे वेगळे, कानांवरचे वेगळे, मानेवरचे वेगळे असे भाग पाडून, मेणासारखं घट्ट तेल लावून केशभूषाकार ते उभारतो. कानांवरचे दोन्ही भाग पंखांसारखे बाहेर काढलेले असतात. आत आधाराला जास्तीच्या केसांचे पुंजके भरलेले असतात; आपल्याकडे अंबाड्याला भर यावा म्हणून गंगावन घालतात, तीच युक्ती. ही रचना आठवडाभर टिकवायची असते. मधे न्हायचं नाही, विंचरायचं नाही आणि एका रात्रीसाठीही साध्या उशीवर डोकं टेकायचं नाही.

जुन्या जपानमध्ये ही कसरत थोड्याथोडक्या मुलींची नव्हती. एदो काळात घरोघरच्या बायका अशाच पेटीवजा उशीवर मान टेकून झोपत. केसांचं तेल लागून कापड खराब होऊ नये म्हणून गुंडाळीवर कागद गुंडाळत आणि तो बदलत राहत. काही उशांच्या पेटीला छोटे खण असत. श्रीमंताघरी तर जाळीची लाखकाम केलेली पेटी असे आणि तिच्या पोटात धूप जळत असे. त्या उशीवर मान टेकली की रात्रभर केसांत सुगंध मुरत राही.

या वस्तू पाहताना त्या कारागिरीचं कौतुक वाटतं, आणि त्या मानांची काळजीही वाटते. कित्येक माजी माइकोंच्या टाळूवर, जिथे केस ओढून बांधलेले असतात तिथे, गोल चकतीएवढी जागा केसांवाचून राहून जाते. वर्षानुवर्षं भरदार दिसावेत म्हणून जपलेले केस नेमके त्याच जागी विरळ होतात.

ही किंमत जपानमधल्याच लोकांनी उघडपणे मांडली. १८८५ मध्ये वातानाबे कानाए नावाचे डॉक्टर आणि इशिकावा एइसाकु हे अर्थतज्ज्ञ यांनी स्त्रियांच्या केशरचनेत सुधारणा घडवण्यासाठी एक मंडळ काढलं. जुनी केशरचना गैरसोयीची आहे, आरोग्याला वाईट आहे आणि खर्चिकही आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुचवलेली नवी रचना साधी होती. केस मागे घेऊन सैलसर बांधायचे, बाईने ते स्वतःच्या हाताने बांधायचे आणि वेळच्या वेळी धुवायचे. ती पद्धत झपाट्याने पसरली. शिक्षण, मताधिकार, मालमत्ता या सुधारणांच्या यादीत बाईला साध्या उशीवर पाठ टेकून झोपता यावं ही गोष्ट कुणी सहसा घालत नाही. ती घालायला हवी.

मानेला टेकू देऊन केस वाचवण्याची कल्पना एकट्या जपानची नव्हे. आफ्रिकेत ती फार लांबवर पसरलेली आहे. केनियाच्या उत्तरेकडचे तुर्काना पुरुष डोक्यावर मातीने लिंपलेली केशरचना करत. गुरांमागे फिरताना त्यांच्या हातात लाकडाचं एक छोटं आसन असे, दिवसा बसायला आणि रात्री मानेखाली घ्यायला. काँगोमधल्या लुबा लोकांच्या मानेच्या टेकूंचं काम तर डोळे खिळवून ठेवणारं आहे. टेकूला आधार देणाऱ्या छोट्या लाकडी बायका कोरलेल्या असतात आणि त्या बायकांच्या डोक्यामागे केसांचे पदर धबधब्यासारखे एकाखाली एक उतरत आलेले असतात. ज्या केशरचनेची राखण करायची तीच राखणदारणीच्या डोक्यावर. इजिप्तमध्येही असे टेकू सापडतात. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातला हस्तिदंती टेकू प्रसिद्ध आहे; त्यात वायुदेव शू दोन्ही हातांनी राजाचं डोकं उचलून धरतो. पण तिथले लोक बऱ्याचदा केस बारीक कापून टोप घालत, त्यामुळे तिथल्या टेकूचं सगळं श्रेय केसांना देता येत नाही. उकाड्यात मानेखालून वारा खेळावा हाही हेतू असणार.

पण मुळात रात्रीत केसांना होतं तरी काय? संध्याकाळी छान फुगीर असलेले केस सकाळी एका बाजूने चप्प बसलेले आणि दुसऱ्या बाजूने विस्कटलेले कसे सापडतात?

केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा धागा. त्याला आकार देणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक गंधकाचे. ते पक्के असतात, साध्या पाण्याने सुटत नाहीत. पार्लरमध्ये केस कायमचे सरळ किंवा कुरळे करताना रसायनांनी हेच बंध तोडून पुन्हा जोडतात. दुसरे हायड्रोजनचे. ते एकेकटे कच्चे, पण संख्येने अफाट. केस ओला झाला की ते सुटतात, वाळला की पुन्हा जुळतात, आणि वाळताना केस ज्या घडीत असेल त्या घडीत जुळतात. सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की घडी बसते, ती अशीच. इंग्लंडमध्ये लीड्स इथे विल्यम ॲस्टबरी या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात क्ष-किरणांखाली लोकर आणि केस तपासले. ओला केस ताणला की त्याच्या रेणूंची घडी उलगडते आणि सोडला की परत वळते, हे त्याने दाखवलं.

आता हेच रात्रीला लावून पाहावं. माणसाचं डोकं चार-पाच किलोंचं. उशीत रुतलेल्या बाजूला वारा लागत नाही, तिथे टाळू तापते, घाम येतो, मुळांशी ओल धरते. ओलीने बंध सुटतात. वरून डोक्याचा भार. पहाटे गारवा आला की बरीचशी ओल उडून जाते आणि मुळं आडवी पडलेली असतानाच बंध जुळतात. टाळूतून रात्रभर पाझरणारं तेल त्यात भर घालतं; तेलकट केस एकमेकांना चिकटतात आणि भार कमी दिसतो. दुसऱ्या बाजूला केस उशीवर घासतात. केसाच्या सालीवर कौलांसारखे खवले असतात, त्यांची टोकं घासून उचलली जातात आणि गुंता होतो.

म्हणजे केसांना रात्रीत घडी बसतेच. ती टाळता येत नाही. आपल्याला हवी ती बसेल एवढी सोय झोपण्यापूर्वी करता येते, आणि रात्रीत केस भरदार राखण्याच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

केसांचा ओलीशी हा संबंध इतका भरवशाचा आहे की १७८३ मध्ये जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूरने त्यावर हवेतली आर्द्रता मोजण्याचं यंत्र उभं केलं. त्यात माणसाचा धुतलेला केस ताणून बसवलेला असे. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत हा फरक जेमतेम दोन-अडीच टक्क्यांचा, पण काटा हलवायला तेवढा पुरतो. पुढे कितीतरी काळ हवामान केंद्रांवर अशी यंत्रं वापरात होती. जुलैतल्या रत्नागिरीत आणि जानेवारीतल्या नागपुरात एकच बाई एकाच तऱ्हेने केस बांधून झोपली, तरी सकाळी तिच्या हाती वेगळे केस येणार. कोकणात ते रात्रीतून पिंजारतात. विदर्भातल्या कोरड्या थंडीत फणी फिरवताच तडतडतात आणि टोकांना उभे राहतात. तेव्हा कोणाच्याही सांगण्यातली युक्ती आपल्या गावच्या हवेत पारखून घ्यावी.

रात्री केसांना हवी ती घडी बसवण्याची सोय मराठी घरांत आपसूक होत असे. दिवेलागणीच्या आत वेणीफणी उरकायची हा जुन्या घरांतला दंडक. तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत, मोकळे सोडू नयेत, असं आज्या बजावत. समईच्या उजेडात गळलेला केस दिसत नाही आणि तो ताटात जातो, एवढं व्यवहारी कारणही त्यामागे असू शकेल. आजी ओटीवर पाय लांब करून बसलेली, नात पुढ्यात. "मान वर कर गं, हलू नकोस." आधी टोकांचा गुंता बोटांनी मोकळा, मग लाकडी फणी, मग तीन पेड. सकाळी शाळेत जाताना वेणी चापूनचोपून घालायची, दुमडून वर रिबिनीने आवळायची. संध्याकाळची वेणी मात्र बरीच सैल असे, खालच्या टोकाला एखादी नाडी किंवा त्याच केसांचा वेढा. त्या सैल वेणीने दोन कामं होत. केस एकमेकांत गुंतत नसत आणि पेडांच्या वळणामुळे सकाळी सोडल्यावर त्यांना हलकी लाट असे, भार दुप्पट दिसे. कुरळ्या केसांच्या सुनेचा हेवा करणाऱ्या सरळ केसांच्या नणंदेला हे गुपित ठाऊक होतं. लग्नाच्या आदल्या रात्री चार-सहा बारीक वेण्या घालून झोपायची रीत अजूनही चालते.

मेघदूतात कालिदासाने जपलेल्या आणि न विंचरलेल्या अशा केसांच्या दोन्ही अवस्था टिपल्या आहेत. उज्जयिनीत बायका केसांना धूप देतात आणि खिडक्यांच्या जाळ्यांतून बाहेर पडणाऱ्या त्या धुराने मेघ पुष्ट होतो. पुढे अलकेत यक्षाची पत्नी विरहात केसांची एकच वेणी करून राहते. ती न सोडलेली, खरबरीत झालेली वेणी गालावर येते आणि नखं वाढलेल्या हाताने ती पुन्हा पुन्हा बाजूला सारते. दिवसचे दिवस न उलगडलेल्या वेणीचे केस हाताला कसे लागतात हे कवीने नीट पाहिलं होतं. यक्ष हे सारं रामगिरीवरून सांगतो. नागपूरजवळचा रामटेक तोच रामगिरी, असं बहुतेक जण मानतात.

विसाव्या शतकात केसांना अचानक उंची आली. १९६० मध्ये शिकागोतल्या मार्गारेट विन्सी हेल्ट या केशभूषाकार स्त्रीने एका व्यावसायिक मासिकाच्या सांगण्यावरून मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची केशरचना तयार केली. केस मुळाशी उलट विंचरून उभे करायचे, त्यांवरून गुळगुळीत थर फिरवायचा आणि फवारा मारून पक्कं करायचं. आठवड्यातून एकदा पार्लरमध्ये जायचं. मधल्या सहा रात्री बायका डोक्याला रुमाल नाहीतर कागद गुंडाळून झोपत. हिंदी सिनेमाने ही उंची इथे आणली. १९६७ च्या 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस'मधला शर्मिला टागोरचा फुगा पाहून आलेल्या मुली मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत आरशासमोर केस उलटे विंचरू लागल्या. उलट विंचरण्याने खवले उपसले जातात, केस तुटतात. ते फुगे आज फोटोत सुंदर दिसतात, पण रोजच्या वापरासाठी ती पद्धत कुणाला सुचवू नये.

खऱ्या अर्थाने उपयोगी शहाणपण आलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांकडून. दाट वळणांच्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, ते लवकर कोरडे पडतात आणि सुती उशी उरलीसुरली ओलही शोषून घेते. १७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस कापडाने झाकावेत असा हुकूम काढला. त्यांचा थाट कमी दिसावा हा हेतू. स्त्रियांनी रंगीत, उंची कापडं अशा नजाकतीने बांधली की हुकुमाचा हेतू फसला. डोक्याला कापड बांधण्याची ही कला घराघरांतून पुढे आली. रात्री सॅटिनची टोपी किंवा रेशमी रुमाल हा तिथल्या मुलीला आईकडून मिळणाऱ्या पहिल्या धड्यांपैकी एक. कुरळे केस फुगीर राहावेत म्हणून त्या सगळे केस अगदी टाळूवर, कपाळाच्या बाजूला, एका मऊ कापडी बंधनात सैल गोळा करतात. टोकं वर मोकळी सोडतात, अननसाच्या पानांच्या झुबक्यासारखी. त्यांनी त्याला नावही अननसाचंच दिलं आहे. यात मानेवर ताण नाही, झोपेत व्यत्यय नाही. डोक्याच्या भाराखाली केस येतच नाहीत आणि मुळं रात्रभर वरच्या दिशेने उभी राहतात. लाकडी टेकूला जे साधायला मानेचा बळी लागत होता ते इथे वीतभर कापडात साधलं.

आपल्याकडच्या सरळ किंवा किंचित लहरी केसांनाही हे तंतोतंत लागू पडतं. रात्री केस पुढे पालथे करून बोटांनी गोळा करावेत आणि टाळूच्या मध्यावर सैल बुचडा बांधावा. रबरबँड कधीच नको, त्याने केस तुटतात. मऊ कापडाची जाडसर बांगडी, जी आता कुठल्याही गल्लीतल्या दुकानात मिळते, ती एक वेढा देऊन पुरे. कुशीवर झोपणाऱ्या बाईला हा बुचडा टोचत नाही, पाठीवर झोपणारीलाही नाही, कारण तो उशीच्या वर राहतो. आखूड केस असतील तर निजताना भांग बदलावा. एरवी डावीकडे पडणारे केस रात्रभर उजवीकडे टाकले की मुळं आपली सवय मोडतात आणि सकाळी भांग जागेवर आणला की केस उचललेले राहतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओले केस घेऊन झोपणं. ओल्या केसाची ताकद कमी असते, तो ताणला जातो आणि तुटतो. शिवाय उशीखाली दबून वाळला की चप्प घडी अशी पक्की बसते की पुन्हा धुतल्याशिवाय निघत नाही. ओलसर उबेत टाळूवरच्या बुरशीचंही फावतं. नोकरी करणाऱ्या बाईला रात्री दहाशिवाय न्हायला वेळ मिळत नाही हे खरं; अशा वेळी पंख्याखाली बसून निदान मुळं तरी कोरडी करून घ्यावीत. टोकांना किंचित ओल असताना सैल वेणी घातली तर उलट वळण छान धरतं.

तेलाबद्दल मराठी घरात वाद होतोच. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. आजीचं तेल खरंच गुणाचं आहे. फक्त त्याची वेळ न्हाण्याच्या आदल्या रात्रीची. न्हाऊन फुगलेल्या केसांच्या मुळाशी रात्री तेल चोळलं तर सकाळी भार उरत नाही. टोकांना दोन थेंब मात्र चालतात.

उशीच्या अभ्र्याचा फरक पडतो, जाहिरातीत सांगतात तेवढा नसला तरी. कापसाचा धागा आखूड तंतूंचा, त्याची टोकं पृष्ठभागावर उभी असतात. रेशमाचा तंतू अखंड आणि गुळगुळीत, म्हणून केस त्यावरून घसरतो. अभ्र्याने नवे केस उगवत नाहीत, असलेले कमी घासले जातात, एवढंच. सॅटिन ही विणीची तऱ्हा आहे, त्यामुळे पॉलिस्टरचं सॅटिनही मिळतं. स्वस्त असतं, पण मुंबईच्या मे महिन्यात त्यावर डोकं घामाने भिजतं. त्यापेक्षा विरलेल्या रेशमी साडीचा काठ आणि जर काढून मधल्या मऊ भागाचा अभ्रा शिवावा.

आणि घट्ट बांधणं टाळावं. ओढून बांधलेल्या केसांमुळे पडणाऱ्या टकलाची नोंद १९०७ मध्ये ग्रीनलंडच्या स्त्रियांबाबत झाली होती, आणि आजही त्वचारोगतज्ज्ञांकडे कपाळाच्या कडेचे केस गेलेल्या मुली येतात. दिवसभर आवळलेली वेणी तशीच ठेवून झोपलं तर मुळांना सुटीच मिळत नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळणं साहजिक आहे. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी ते मुठीने गळू लागतात, तेव्हा नव्या आईने घाबरून उशी बदलत बसू नये; बहुतेकींचे केस काही महिन्यांत परत भरतात, आणि नाही भरले तर डॉक्टरला दाखवावं.

सकाळी बंधन काढल्यावर लगेच फणी लावू नये. मुळाशी रात्रीची ऊब आणि ओल अजून असते, तेवढ्यात विंचरलं तर सगळा उठाव खाली बसतो. केस मोकळे सोडून चहा टाकावा, पेपर आत घ्यावा, मुलांना उठवावं. डोकं गार झालं की खाली वाकून बोटं मुळांतून फिरवावीत, मग फणी फक्त टोकांना.